सुकामेवा खाऊन केस गळायचे थांबतात का? अनुभव आणि माहिती हवी आहे

निवांतक्षण | ४ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नोव्हेंबरच्या मध्यात मला सडकून ताप आला होता. आठ दिवस अंथरुणात होते, अन्न समोर आलं की मळमळायचं, पाच किलो वजन उतरलं. त्यातून उठले, कामाला लागले, सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं. आणि जानेवारीच्या शेवटी केस गळायला लागले. नहाताना केसांतून बोटं फिरवली की दर वेळी पुंजका हातात येतो. मोरीच्या जाळीवर रोज मूठभर साठतात. उशीवर, ओढणीवर, लॅपटॉपच्या कळांमध्ये, सगळीकडे केस. भांग रुंद झालाय. आरशासमोर उभी राहिले की नजर आधी तिथेच जाते. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, म्हणजे मुळापासूनच उपटून येतायत ना? ते बघून पोटात गोळा येतो.

ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, सुकामेवा खा. म्हणून फेब्रुवारीपासून रोज सकाळी एक वाटी खाते: दहा बदाम, चार अक्रोड, मूठभर मनुका, चार मोठे खजूर, सहा जर्दाळू, दोन अंजीर. पोट गच्च भरतं, त्यामुळे नाश्ता बंदच झालाय. त्यावर एक मोठा कप कॉफी. पाच आठवडे झाले, फरक काहीच नाही.

वय ३४. शाकाहारी आहे. पाळी वेळेवर येते पण अंगावरून खूप जातं. ज्यांना खरोखर उपयोग झाला त्यांनी कृपया सांगा, काय खाल्लं, किती आणि फरक कधी दिसला? की मी उगाच आस लावून बसलेय?

खडीसाखर | ४ मार्च, रात्री १०:१५

निवांतक्षण, धीर सोडू नका. माझ्या बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात अगदी असंच झालं होतं. बाळाच्या मुठीत माझे केस सापडायचे. मी रोज बदाम-अक्रोड सुरू केले आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत केस पहिल्यासारखे झाले. माझा सुकामेव्यावर पूर्ण विश्वास आहे. पाच आठवडे म्हणजे काहीच नाही, चालू ठेवा.

वाटसरू | ५ मार्च, सकाळी ६:५०

रक्त तपासलंत का? हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड? नसेल तर आधी ते करा, वाटीचं नंतर बघू.

जाणकारांना माझेही दोन प्रश्न. बदाम भिजवून खाल्ले तर जास्त लागू पडतात हे खरं का? आणि साल काढावी की ठेवावी?

आहारवेल | ५ मार्च, दुपारी १:२०

मी आहारतज्ज्ञ आहे आणि केस गळतात म्हणून सुकामेव्याची यादी घेऊन येणाऱ्या बायका दर आठवड्याला भेटतात. त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी त्या पांढऱ्या ठिपक्याबद्दल, कारण तुमची निम्मी भीती तिथे आहे. ते मूळ नव्हे. डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, आणि मग तो साधारण तीन महिने नुसता जागेवर बसून राहतो. त्या विश्रांतीत केसाचं खालचं टोक गोल आणि पांढरं होतं. पुढे तो गळतो तेव्हा तोच गोळा दिसतो. ज्या खाचेतून केस उगवतो ती त्वचेत शाबूत असते, आणि बहुतेक वेळा नवा केस खालून वर यायला लागलेला असतो.

एरवी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि रोज ५० ते १०० गळणं हे नेहमीचंच. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने उतरलेलं वजन, यातलं काहीही झालं की शरीर हात आखडता घेतं आणि पुष्कळ केसांना एकदम विश्रांतीला पाठवतं. ते सगळे दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीचा शेवट, तुमचा हिशोब बरोबर जुळतो. याला टेलोजन एफ्लुवियम म्हणतात. दुसरं काही कारण मागे उभं नसेल तर सहसा सहा महिन्यांच्या आत हे आपोआप आवरतं.

खडीसाखर, तुमच्या अनुभवावर मला शंका घ्यायची नाही. पण बाळंतपणानंतरची गळती बहुतेक बायकांची बाळ वर्षाचं होईपर्यंत थांबतेच, बदाम खाल्ले तरी आणि नाही खाल्ले तरी. तुम्ही खाल्लंत ते चांगलंच केलंत, बाळंतिणीला पोषण लागतंच. फक्त श्रेय कोणाचं हे आपल्याला सांगता येत नाही.

आता वाटीकडे वळते. केस जवळजवळ सगळा केराटिनचा, म्हणजे प्रथिनाचा बनलेला असतो. त्वचेबाहेर दिसतो तो भाग निर्जीव असतो, खाल्लेलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोचतं ते खालच्या खाचेत, जिथे पेशी अतिशय वेगाने विभागत असतात. त्यांना प्रथिनं हवीत, लोह हवं, जस्त हवं आणि पुरेशा कॅलरी हव्यात. यातलं काही कमी पडत असेल तर ते भरून काढल्यावर केस सुधारतात. काहीच कमी नसेल तर जास्तीचं खाऊन केस जास्तीचे येत नाहीत. सुकामेव्याबद्दल मी कोणालाही सांगते ते एवढंच, आणि हे ऐकून लोकांचा चेहरा उतरतो याची मला कल्पना आहे.

निवांतक्षण, तुमच्या वाटीची मी बेरीज केली. खजूर मोठे धरले तर जवळपास ७०० कॅलरी होतात. त्यात साखर १०० ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ सगळी खजूर, मनुका आणि जर्दाळूमधून आलेली. आणि प्रथिनं? जेमतेम १० ग्रॅम. तुमचं वजन ५५ किलो धरलं तर दिवसाला किमान ४४ ग्रॅम लागतात. म्हणजे ज्या नाश्त्यातून प्रथिनं मिळाली असती तो नाश्ता या वाटीने बाजूला सारलाय. पाच किलो वजन गमावलेल्या शरीराला सकाळी प्रथिनांची गरज असताना त्याला साखर मिळतेय. तुमची वाटी वाईट नाही, तिची जागा चुकलीये.

लोहाचंही तसंच. ही सगळी वाटी मिळून साधारण ४ मिलिग्रॅम लोह देते. वनस्पतीतून येणारं लोह अंगी लागण्याचं प्रमाण कमी, दहावा भाग धरला तरी ०.४ मिलिग्रॅम. पाळी येणाऱ्या बाईला रोज सरासरी दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह प्रत्यक्ष रक्तात यावं लागतं, अंगावरून खूप जात असेल तर त्याहून जास्त. ‘मनुका खा, रक्त वाढेल’ असं सर्रास म्हटलं जातं, पण १०० ग्रॅम मनुकांत लोह २ मिलिग्रॅमही भरत नाही. काजूत त्याच्या तिप्पट असतं. भोपळ्याच्या बियांत त्याहूनही जास्त.

त्यात वरून कॉफी. चहा-कॉफीतले पॉलिफिनॉल लोहाला आतड्यात धरून ठेवतात. कॉफी प्या, पण तासाभराने. उलट क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं आणि सुक्या फळांत नेमकं तेच नसतं, वाळवताना उडून जातं. ताज्या जर्दाळूत १०० ग्रॅमला १० मिलिग्रॅम असतं, सुक्यात पाण्याचा अंश जाऊन बाकी सगळं दाट झालेलं असूनही १ मिलिग्रॅम उरतं. म्हणून सुकामेव्याबरोबर संत्र्याच्या चार फोडी खा किंवा लिंबू पिळलेलं काहीतरी घ्या.

वाटसरूकाका, बदाम भिजवून फायटेट, म्हणजे लोह-जस्त शोषू न देणारे घटक, निघून जातात असं सांगतात, पण अख्ख्या बदामांत ते फारसे कमी होत नाहीत. भिजवल्याने बदाम मऊ होतात, ज्यांचे दात दुखतात त्यांना चावायला सोपे जातात, एवढं खरं. साल ठेवली तरी चालते, त्यात तंतू असतात. आणि तुमचा पहिला सल्ला या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा आहे.

निवांतक्षण | ५ मार्च, रात्री ८:०५

आहारवेल, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तो पांढरा ठिपका म्हणजे मूळ नाही हे वाचून रडू आलं. गेले पाच आठवडे मी प्रत्येक केस उचलून टोक बघत होते.

रक्त तपासलेलं नाही. उद्याच जाते. नाश्ता उद्यापासून पुन्हा सुरू.

उत्तररात्र | ६ मार्च, सकाळी ९:३०

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते, माझ्यासारखं कोणाचं होऊ नये म्हणून.

मला नऊ वर्षांपासून हायपोथायरॉइड आहे, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करते. सकाळी उठल्याउठल्या लेव्होथायरॉक्सिन घेते. मागच्या वर्षी केस विरळ व्हायला लागले म्हणून अक्रोड सुरू केले. गोळी आणि अक्रोडाचा डबा शेजारी शेजारी ठेवायचे म्हणजे दोन्ही विसरायला नको. गोळी घेतली की लगेच पाच-सहा अक्रोड. चार महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, तपासलं तर एरवी ३ च्या आत असणारा आकडा ११ वर गेलेला. केस तर आणखीच गळत होते. डॉक्टर डोस वाढवणार होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं की गोळीनंतर किती वेळाने खाता. मी डब्याचं सांगितलं. त्यांनी गोळीच्या पाकिटातला माहितीचा कागद उघडून दाखवला. गोळीचं शोषण कमी करणाऱ्या पदार्थांत अक्रोडाचं नाव चक्क छापलेलं होतं!

डोस तोच ठेवला. अक्रोड दुपारी चारला हलवले, गोळीनंतर तासभर पाण्याशिवाय काही नाही. दोन महिन्यांत टीएसएच जागेवर आलं. केसांना आणखी तीन-चार महिने लागले. म्हणजे केसांसाठी म्हणून जे खात होते तेच गोळीच्या आड येत होतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनीही हेच होतं, त्या तर चार तास लांब ठेवायच्या.

आहारवेल | ६ मार्च, सकाळी ११:१०

उत्तररात्र, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी स्वतः हे प्रत्येकीला विचारते. थायरॉइडची गोळी आणि सकाळचा सुकामेवा ही जोडी कितीतरी घरांत असते.

दगडफूल | ६ मार्च, रात्री ११:४५

धागा वाचून लिहायचं धाडस करतोय. मी २७ वर्षांचा, मुलगा. दोन वर्षांपासून दोन्ही कपाळकोपरे मागे सरकतायत, टाळूवरही विरळ दिसतंय. एका व्हिडिओत पाहिलं की सेलेनियमने केस दाट होतात आणि ब्राझील नट हा त्याचा राजा. दीड महिना रोज सहा-सात खातोय. गेल्या आठवड्यापासून तोंडाला सतत धातूसारखी चव येते आणि नखं कडेने तुटतायत. याचा त्याच्याशी संबंध असेल का? केसांत फरक नाही.

पिंपळपान | ७ मार्च, सकाळी ७:१५

दगडफूल, आजपासून ब्राझील नट पूर्ण बंद करा आणि जवळच्या डॉक्टरांना हे सगळं जसंच्या तसं सांगा. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे बसून निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलेली लक्षणं अंगावर काढायची नाहीत.

मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम लागतं आणि ४०० ही वरची मर्यादा धरतात. ब्राझील नटमधलं प्रमाण झाड कुठल्या मातीत वाढलंय त्यावर प्रचंड बदलतं, तरी २८ ग्रॅममध्ये, म्हणजे सहा-आठ दाण्यांत, ५०० हून जास्त असू शकतं. एका दाण्यात दिवसाची गरज भागते. रोज इतके खाल्ले की ते अंगात साठत जातं. तोंडाला धातूची चव, श्वासाला लसणासारखा वास, ठिसूळ नखं, आणि यात दुर्दैवाची गोष्ट अशी की केस गळणं, ही सेलेनियम जास्त झाल्याची लक्षणं आहेत.

हे नुसतं पुस्तकी नाही. २००८ साली अमेरिकेत एका पूरक द्रवात बनवतानाच्या चुकीमुळे लेबलवर लिहिल्यापेक्षा २०० पट सेलेनियम पडलं. दोनशेहून जास्त लोकांना विषबाधा झाली आणि त्यातल्या बहुतेकांचे केस गळले. त्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकात व्हेनेझुएलातून नोंदी आल्या होत्या की ‘कोको दे मोनो’ नावाच्या झाडाच्या बिया खाऊन लोकांच्या डोक्यावरचे आणि अंगावरचे केस गेले. ते झाड ब्राझील नटच्याच कुळातलं आणि कारणही सेलेनियमच. कमी पडलं तरी त्रास आणि जास्त झालं तरी त्रास, असं हे मूलद्रव्य आहे. जस्त आणि अ जीवनसत्त्वाचंही असंच आहे, गोळ्यांतून भरमसाट घेतलं तर उलटं फिरतं. जर्दाळूतल्या बीटा-कॅरोटीनने मात्र तसं होत नाही, शरीर त्यातून लागेल तेवढंच अ जीवनसत्त्व बनवतं.

आता तुमच्या केसांचं. कपाळकोपरे मागे जाणं आणि टाळूवर विरळ होणं हे आनुवंशिक टक्कल असण्याची शक्यता मोठी आहे. त्यात डीएचटी नावाच्या संप्रेरकामुळे केसांच्या खाचा वर्षागणिक बारीक होत जातात. तो खाण्यातल्या कमतरतेचा आजार नाही, त्यामुळे कुठलाही सुकामेवा तो थांबवत नाही. पण त्यावर औषधं आहेत. मिनॉक्सिडिल १९८८ पासून डोक्याला लावायला वापरलं जातं, पुरुषांसाठी फिनास्टेराइडही आहे. त्यांचे फायदे आणि दुष्परिणाम डॉक्टरांशी नीट बोलून मगच ठरवा. ती लवकर सुरू केली तर आहेत ते केस जास्त टिकतात. म्हणूनच मला वाईट वाटतं, मुलं दोन-दोन वर्षं बिया आणि दाणे खाण्यात घालवून येतात आणि तोवर बरंच हातचं गेलेलं असतं.

सगळ्यांसाठी आणखी थोडं. गोल चट्ट्यासारखे केस गेले, टाळूला लाली, खवले किंवा आग असेल, भुवया विरळ झाल्या, किंवा पाळी अनियमित होऊन हनुवटीवर केस यायला लागले, तर खाण्याचे प्रयोग न करता थेट दाखवा.

दगडफूल | ७ मार्च, सकाळी ८:०२

डॉक्टर, मनापासून आभार. डबा बाजूला ठेवला. आज संध्याकाळची वेळ घेतली आहे.

खडीसाखर | ७ मार्च, दुपारी ३:३०

मी ऐकतेय सगळं, आणि पटतंयही. पण एक विचारू का? ई जीवनसत्त्वाने केसांची संख्या वाढली असा अभ्यास झालाय, असं मी एका मासिकात वाचलं होतं. बदामात तर ई भरपूर असतं ना? आणि अक्रोडातल्या ओमेगा-३ बद्दलही असंच काहीसं.

आहारवेल | ७ मार्च, रात्री ९:५०

विचारलंत ते उत्तम, दोन्ही अभ्यास खरे आहेत.

पहिला २०१० मध्ये मलेशियातून प्रसिद्ध झाला. केस गळणाऱ्या ३८ जणांपैकी काहींना आठ महिने टोकोट्रायनॉलच्या कॅप्सूल दिल्या आणि त्यांच्या केसांची संख्या तिसऱ्या हिश्शाने वाढली. पण टोकोट्रायनॉल हा ई जीवनसत्त्वाच्या कुटुंबातला वेगळा सदस्य. बदामात असतं ते मुख्यतः अल्फा-टोकोफेरॉल. तेवीसेक बदामांत ते ७ मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळजवळ निम्मा भाग. शरीरासाठी ते छानच आहे, पण त्या अभ्यासाचा निकाल बदामाला लावता येत नाही.

दुसरा २०१५ चा. १२० बायका, सहा महिने, त्यात केसांची घनता सुधारली. त्यांना दिलं होतं ते माशाचं तेल, ब्लॅककरंटच्या बियांचं तेल आणि काही अँटिऑक्सिडंट. अक्रोडातलं ओमेगा-३ हे एएलए प्रकारचं, माशांत असतं त्यात त्याचं रूपांतर शरीर फार थोडं करतं. मी अक्रोड रोज खाते, हृदयासाठी त्यांच्याबद्दलचा पुरावा चांगला आहे. पण केसांसाठी म्हणून मी ते कोणाला लिहून देत नाही.

वाटसरू | ८ मार्च, सकाळी ६:४०

माझ्या मुलीने बायोटिनच्या गोळ्या आणल्यात, १०,००० मायक्रोग्रॅमच्या. त्याबद्दलही सांगाल का?

अवांतर: अक्रोड काचेच्या घट्ट बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर उकाड्यात राहिले की त्यांचं तेल खवट होतं, जिभेवर ऑइलपेंटसारखी कडवट चव येते. असे अक्रोड ‘पैसे वाया जातील’ म्हणून संपवत बसू नये, टाकून द्यावेत. बुरशी दिसणारा किंवा कुबट वास येणारा कुठलाही दाणा तर तोंडातही घालू नये, त्यात अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं.

पिंपळपान | ८ मार्च, सकाळी १०:२५

वाटसरू, बायोटिनची दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅम. दाणे, बिया, अंडी आणि इतर साध्या जेवणातून ती भागते आणि खरी कमतरता क्वचितच सापडते. कमतरता नसताना या गोळ्यांनी केस वाढतात याला चांगला पुरावा नाही.

पण तुमच्या मुलीला एक नक्की सांगा. एवढ्या मोठ्या डोसमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात, थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनच्यासुद्धा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. रक्त द्यायला जाल तेव्हा गोळी चालू असल्याचं तिथे सांगा. आणि निवांतक्षण, तुम्ही अशी काही गोळी घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

अबोली | ८ मार्च, दुपारी १२:१०

छान चर्चा चाललीये. एकच भर घालते. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर अख्खे बदाम-शेंगदाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. माझ्या भाचीच्या बाबतीत आम्ही ते भोगलंय, थोडक्यात वाचली. पूड करून किंवा दाण्यांचं बटर पातळ लावून द्या. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनीही बदाम-काजू किती खायचे ते विचारून घ्यावं, त्यांत ऑक्झलेट जास्त असतं.

निवांतक्षण | ११ मार्च, रात्री ९:१५

रिपोर्ट आले. बायोटिन वगैरे काही घेत नव्हते. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन १०.८. फेरिटिन ९.

डॉक्टर म्हणाल्या, लोहाची कोठी रिकामी आहे, १५ च्या खाली म्हणजे कमतरता ठरलेलीच. तापाने केस गळायला लागले असतील, पण हे असंच राहिलं तर सावरायला वेळ लागेल. लोहाची गोळी दिलीये, एक दिवसाआड, आणि सोनोग्राफी सांगितलीये, कारण इतकं रक्त का जातंय ते शोधायला हवं. इतकी वर्षं मी ते ‘माझं असंच असतं’ म्हणून सोडून देत होते.

आहारवेल, तुमच्या सांगण्यावरून वाटी बदललीये. बघा जमतंय का: सकाळी नीट नाश्ता, त्यात प्रथिनं. दुपारी चारच्या सुमाराला दहा बदाम, थोडे काजू, दोन चमचे भोपळ्याच्या बिया, दोनच जर्दाळू, बरोबर संत्रं. कॉफी साडेपाचला.

आहारवेल | ११ मार्च, रात्री १०:००

अगदी छान. यात बदल सुचवायला काही उरलं नाही. गोळीने पोट जड झालं किंवा बद्धकोष्ठ झालं तर गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. दोन सुके आलुबुखार रोज खाल्ले तर पोटाला मदत होईल, त्यात सॉर्बिटॉल असतं. जर्दाळू घेताना केशरी आणि तपकिरी दोन्ही प्रकार दिसतील. केशरी रंग सल्फर डायऑक्साइडमुळे टिकलेला असतो. दमा असेल तर तपकिरी घ्या, नसेल तर कुठलेही चालतील.

आणि केस रोज मोजू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आज खाचेत सुरू झालेला केस भांगाजवळ दिसायलाही दीड-दोन महिने जातात.

दगडफूल | १९ एप्रिल, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. रक्तातलं सेलेनियम खरंच जास्त आलं होतं. ब्राझील नट बंद केल्यावर तीन आठवड्यांत तोंडाची चव गेली, नखं अजून सुधारतायत. केसांचं निदान पिंपळपान म्हणाले तेच. मिनॉक्सिडिल सुरू केलंय. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तसंच झालं, पण माहीत असल्यामुळे घाबरलो नाही.

निवांतक्षण | १४ जुलै, रात्री ९:०५

मंडळी, चार महिन्यांनी येतेय.

गळती एप्रिलच्या शेवटी कमी व्हायला लागली. मे संपता संपता जाळीवर पाच-सहाच केस दिसायला लागले. फेरिटिन आता ३४, हिमोग्लोबिन १२.४. सोनोग्राफीत गर्भाशयात एक छोटी गाठ निघाली, साधी आहे, औषध चालू आहे आणि रक्तस्राव निम्म्यावर आलाय.

आता तुम्ही विचाराल, यात बदामांचं किती, गोळीचं किती आणि नुसत्या दिवसांचं किती. आहारवेलनी खडीसाखरला सांगितलं तेच माझंही, वेगळं काढून दाखवता येणार नाही. दुपारची वाटी मात्र चालू आहे, चारला भूक लागते आणि ती मला आवडते.

काल नहाऊन आल्यावर खिडकीशी उभी राहून केस पुसत होते. उन्हात भांगाच्या दोन्ही बाजूंनी बारीक बारीक केस उभे दिसले, दोन-तीन सेंटिमीटरचे, गवताच्या पात्यांसारखे. टोकं निमुळती. हाताने दाबले तरी बसत नव्हते. नवऱ्याला हाक मारून दाखवले. त्याने फोटो काढलाय, पण इथे चढत नाहीये, उद्या पुन्हा प्रयत्न करते.

खडीसाखर | १४ जुलै, रात्री ९:२०

निवांतक्षण, वाचून डोळे भरून आले. निमुळती टोकं म्हणजे कधीच न कापलेले, अगदी नवे केस. फोटो नक्की टाका, वाट बघतेय. आणि तुमचं वाचून मीही फेरिटिन तपासायला दिलंय, रिपोर्ट परवा येईल.